इंग्रजीचे नवग्रह, मुक्काम मुरुड

मराठी माणूस इंग्रजीच्या नामाला घाबरत नाही, सर्वनामाला घाबरत नाही, स्पेलिंगशी तर त्याने केव्हाच तह केलेला आहे. त्याचं अडतं ते कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट यांच्यापाशी. मोजून नऊ, म्हणजे नवग्रहच. ऑट, नीड, डेअर असे दोन-तीन उपग्रहही आहेत, पण त्यांची पीडा सौम्य. मुख्य नऊ मात्र कुणाच्याच पत्रिकेत सरळ बसत नाहीत. 'आय कॅन एबल टू' म्हणत एकाच कामाला दोन गडी लावणारे आहेत. 'यू मस्ट टू कम' असा आग्रह करकरून लग्नाला बोलावणारे आहेत. आणि 'टुमॉरो आय वुड बी ऑन लीव्ह' असं लिहून रजा इतकी अधांतरी ठेवणारे आहेत की साहेबाने ती मंजूर करावी की तिची वाट पाहावी, हे त्यालाही कळू नये.

शाळेला दोष देण्यात अर्थ नाही. शाळा आपला नियम चोख शिकवते: मोडलच्या, म्हणजे या नऊ शब्दांच्या, पुढे मूळ क्रियापद, त्याला एस नाही, मध्ये टू नाही. बारावीच्या पेपरात 'शक्यता दाखवणारं मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहा' असं विचारतात. कॅन खोडून मे लिहिलं की गुण खिशात. पण कुणाशी बोलताना मे म्हणायचं आणि कुणाशी कॅन, हे त्या गुणाबरोबर कुणी देत नाही. खरी मेख तिथेच आहे, कारण हा प्रश्न व्याकरणापेक्षा मानपानाचा आहे.

मराठीत मानपानाची सोय सर्वनामातच आहे. तू, तुम्ही, आपण. शिवाय अरे आणि अहो. इंग्रजीत राजालाही यू आणि रिक्षावाल्यालाही यू. मग थोरामोठ्यांचा मान ठेवायचा कुठे? तो इंग्रजांनी या नऊ शब्दांत दडवला. 'कॅन यू'मधला माणूस बरोबरीचा, 'कुड यू'मधला अहो-जाहोचा, आणि 'वुड यू बी सो काइंड' म्हटलं की समोर व्याही उभा आहे असं समजावं. हा हिशेब माहीत नसल्यामुळे आपण राहिलेला मान प्लीज, काइंडली आणि सर यांनी भरून काढतो. तिन्ही एकाच वाक्यात.

याचा प्रयोग पाहायचा तर मुरुडला यावं. समुद्रातल्या जंजिरा किल्ल्यामुळे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या गावात शिरतात, आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांतल्या अनेक घरांनी राहण्या-जेवणाची सोय केलेली आहे. सोय म्हटली की पाटी आली, पाटी म्हटली की इंग्रजी आलं. अशाच कुठल्याशा पडवीत काकी सांगते आहे आणि बारावीतला पुतण्या लिहितो आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आणायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

"लिही. पायाची वाळू धुवून घरात यावं."

"गेस्ट्स मस्ट वॉश देअर फीट."

"मस्ट म्हणजे?"

"धुवायलाच लागतील."

"फौजदारी वाटतं रे. पैसे देऊन येतात ती माणसं."

"मग मे लिहितो. धुतले तर धुतले."

"आणि लादी कोण पुसणार, तुझा मे?"

"कॅन? म्हणजे धुवू शकतात."

"शकतात ते मला ठाऊक आहे. बोरिवलीहून इथवर येऊ शकतात, तर अंगणातल्या नळापर्यंत जाऊ शकत नाहीत? जात नाहीत, ते सांग."

उरला शुड. धुवायला हवेत. काकीला तो बरा वाटला, पण 'हवेत' म्हटल्यावर पुण्याचे पाहुणे 'का हवेत' असं विचारणार, ही तिची शंका रास्त होती. शेवटी पाटीवर आलं 'प्लीज वॉश युअर फीट', आणि खाली नळाकडे जाणारा बाण. एकही ग्रह नाही, सगळे शांत. गंमत म्हणजे अस्सल इंग्रजाच्या घरीही बहुधा हेच लिहिलं असतं.

मासळीच्या ओळीला मात्र मे चपखल बसला. 'फिश मे बी अव्हेलेबल.' काकीने अर्थ विचारला, पुतण्याने 'मिळाली तर मिळाली' असा सांगितला, आणि इंग्रजांना समुद्र कळतो अशी तिची खात्री पटली. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत मे सुद्धा धाडसाचाच. माइट लिहावं आणि डाळ शिजत टाकावी.

राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलं की मे आणि माइट किनाऱ्यावरच राहतात. किल्ल्याची माहिती सांगणाऱ्यांचं वाक्य नेहमी नक्की असतं. बावीस हा त्यांचा लाडका आकडा: २२ एकर जागा, २२ बुरुज, बांधायला २२ वर्षं. पुस्तकागणिक बुरुज कमी-जास्त होतात, पण होडीत एकही पडत नाही. समुद्राखालून राजापुरीपर्यंत भुयार 'होतं'. असावं नाही, असेल नाही, होतं. इतिहासकाराने इथे 'देअर मे हॅव बीन' असं म्हटलं असतं आणि त्याला बक्षिसी मिळाली नसती. सिद्दींचा हा किल्ला भल्याभल्यांना घेता आला नाही, तो मे-माइटवर घेता येईल असं समजू नये.

किल्ला आज केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. तटावर स्वतःचं आणि दुसऱ्या कुणाचं नाव बदामात कोरू पाहणाऱ्या प्रेमवीरांनी १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याचं कलम ३० वाचावं. मोडलचा इतका सुंदर धडा कुठल्याच गाइडमध्ये नाही. स्मारकाची खराबी करणारा 'शॅल बी पनिशेबल', आणि कैद 'मे एक्स्टेंड टू' दोन वर्षं, दंड 'मे एक्स्टेंड टू' एक लाख रुपये. २०१०च्या दुरुस्तीपासूनचे हे आकडे आहेत. शॅल म्हणजे शिक्षेला पात्र ठरलातच. किती, ते मे पाहून घेईल, म्हणजे न्यायाधीश. एका वाक्यात शॅल आणि मे असे शेजारी नांदताना पाहिले की नवग्रहांत एवढा तरी सलोखा आहे याचं समाधान वाटतं.

सगळीकडे शॅल इतका करारी नसतो. घटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्य 'शॅल एन्डेव्हर' असं म्हटलं होतं, तेही दहा वर्षांच्या आत. प्रयत्न करीलच, असा अर्थ. प्रयत्न झाले की नाही याचा वाद घालत १९६० साल आलं आणि गेलं. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आणलं आणि तिथे सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी साधं 'शॅल प्रोव्हाइड' लिहिलं. अंमल सुरू झाला १ एप्रिल २०१० रोजी. एन्डेव्हर हा एक शब्द बाजूला सारायला साठ वर्षं लागली. एवढ्या काळात मुरुडच्या पोरांच्या तीन पिढ्या 'आय शॅल, यू विल' घोकून बाहेर पडल्या.

आणि ते घोकायला लावणारा माणूस चक्क गणिती होता. जॉन वॉलिस. १६५३ साली त्याने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, लॅटिनमध्ये. आय आणि वुई यांच्यापुढे साध्या भविष्याला शॅल, निश्चयाला विल. बाकीच्यांना बरोबर उलटं, हा नियम त्याने मांडला. दोन वर्षांनी त्याने अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह रूढ केलं. दोन्ही कामं एकाच डोक्यातून निघाली यात नवल नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करणाऱ्या आपल्या पणजोबांनी हे शॅल-विल इमानाने सांभाळलं. विलायतेत मात्र बोलताना शॅल आता फारसा कुणी वापरत नाही.

या नियमावर इंग्रजांचा एक जुना विनोद आहे. नदीत पडलेला परका माणूस शॅलच्या जागी विल आणि विलच्या जागी शॅल घालून ओरडतो. म्हणायचं असतं, 'मी बुडणार, मला कुणी वाचवणार नाही'. होतं, 'मी बुडणारच, खबरदार कुणी वाचवलं तर'. काठावरचे सभ्य इंग्रज त्याच्या इच्छेचा मान राखतात. वर्गात हा विनोद खपतो. मुरुडच्या वाळूवर उभं राहून तो सांगवत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयातले १४ विद्यार्थी बुडाले.

म्हणून काकीच्या पडवीत जो मस्ट उद्धट वाटला, त्याची खरी जागा किनाऱ्यावर आहे. तिथे 'व्हिजिटर्स शुड नॉट स्विम' असं लिहिणारा भिडस्त माणूस चुकतो. शुड ऐकणारा नेहमी एकदा तरी वाद घालतो, आणि ओहोटीच्या ओढीशी वाद घालायला सवड नसते. मराठी 'पोहू नये'चंही तेच, त्यात आजीचा सल्ला ऐकू येतो. तेव्हा मुरुडला आलात आणि पाटीवर नये किंवा शुड नॉट दिसलं, तर ते मस्ट नॉट असंच वाचा. पाण्यात पाय घालण्याआधी भरती-ओहोटीची वेळ किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळीदादांना विचारा. कॅन यू म्हणा, कुड यू म्हणा, ते रागावणार नाहीत. मराठीत विचारलंत तर उत्तर लवकर मिळेल.