ऐकण्याचे पैसे

युरोपच्या टूरला निघण्याआधी टूर कंपनी सगळ्या प्रवाशांना एका हॉलमध्ये बोलावते. त्या बैठकीत पॅरिस, ल्युसर्न, व्हेनिस आणि रोम या चौघांना मिळून दहा मिनिटं मिळतात. बाकीचा वेळ संकष्टीला साबुदाण्याची खिचडी मिळेल का, बसमध्ये पुढची सीट कोणाला, आणि मोबाईल. मोबाईलचा विषय निघाला की पेंगुळलेला हॉल जागा होतो. विचारणारे दहा जण असतात, प्रश्न एकच असतो.

"इनकमिंग फ्री आहे ना?"

आमचा टूर मॅनेजर म्हणजे आईवडिलांच्या वयाच्या माणसांना वर्षभर युरोप दाखवत हिंडणारा पंचविशीतला मुलगा. तो म्हणाला, "काका, ते तुमच्या पॅकवर आहे. शंभर मिनिटांचा घेतलात तर शंभर मिनिटं बोला."

"ते आउटगोइंगचं झालं. मी इनकमिंग विचारतोय."

"दोन्ही मिळून शंभर, काका."

हॉल एकदम गप्प झाला. फ्रान्सने व्हिसा नाकारला असता तरी लोक इतके गप्प झाले नसते.

विचारणारे होते सोलापूरचे अण्णा. वीज मंडळात नोकरी झालेली, म्हणजे मीटर हा आयुष्यभराचा विषय. ते उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे वापर त्याने करायचा आणि बिल माझ्या दारात? आमच्याकडे असं केलं असतं तर लोकांनी ऑफिस जाळलं असतं."

टाळ्या पडल्या. पण कारभार आहे तो असाच आहे. सोलापुरातला माणूस अण्णांचा सोलापूरचा नंबर फिरवतो, तेव्हा अण्णा अकलूजला आहेत की आल्प्समध्ये हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्याकडून पैसे साध्या देशी कॉलचेच घेतले जातात. तिथून पुढे तो आवाज समुद्रापार न्यायचा, तिकडच्या कंपनीचा टॉवर वापरून अण्णांच्या कानाशी पोचवायचा, हा सगळा खर्च कोणाच्या तरी नावावर टाकावाच लागतो. तिकडची कंपनी आपल्या कंपनीला घाऊक दराने बिल लावते, आपली कंपनी त्यावर स्वतःचं काही चढवते आणि घरी नसणाऱ्या माणसाला पाठवते. घर सोडून हिंडायला गेला तो, तेव्हा भुर्दंडही त्यालाच. यात एक जुना मराठी न्याय आहे आणि तो मला अगदीच नापसंत नाही.

बैठकीतून बाहेर पडेपर्यंत आमच्यात तट पडले होते. अण्णांसारखे भारतातूनच पॅक मारून घेणारे होते. नाशिकचं एक नवं जोडपं होतं, त्यातला नवरा कॉम्प्युटरवाला; तो "पॅरिसला उतरलो की लोकल सिम, निम्म्या पैशांत डबल डेटा" असं सांगून सगळ्यांना कमीपणा आणत होता. आणि कोथरूडचे एक निवृत्त बँक मॅनेजर होते. त्यांनी काहीच घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. हॉटेलात वायफाय फुकट असतं, ही त्यांची भूमिका. बाकीच्या वेळी फोन विमानात ठेवतात तसा ठेवायचा आणि फोटोला वापरायचा.

पॅरिसच्या विमानतळावर चाकं टेकली आणि जवळजवळ सगळ्या विमानाने एकदम फोन चालू केले. फ्रान्समध्ये स्वागत असो, हा संदेश आला. दर काय, मदतीला कुठला नंबर, सगळं त्यात असतं. वाचत कोणीच नाही. सामानाच्या पट्ट्याशी उभे असताना अण्णांचा फोन वाजला. त्यांच्या पत्नी माई म्हणाल्या, "घ्या हो, मुलीचा असेल. पोचलो का विचारत असेल."

मुलीचा नव्हता. एका बाईंना अण्णांना पर्सनल लोन द्यायचं होतं. अण्णांनी तिचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, कारण फोनवर बाईमाणसाचं बोलणं मध्येच तोडणं त्यांच्यात बसत नाही. शेवटी म्हणाले, "बाई, आत्ता नको. पण हा फोन आणखी दोन मिनिटं चालला तर लागेल."

त्या संध्याकाळी अण्णांनी खिशातली डायरी काढली आणि रकाने आखले. तारीख, कोणाचा, किती मिनिटं, कारण. पहिली नोंद : कर्जवाली, ३, निष्कारण. पुढच्या सगळ्या प्रवासात ही डायरी त्यांनी आयफेल टॉवरपेक्षा जास्त वेळा पाहिली असेल. टॉवरवर त्यांना रस होता तो वेगळ्याच गोष्टीत. २०२४ च्या फेब्रुवारीपासून टॉवरच्या तिकिटाला आपलं यूपीआय चालतं, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. आमची तिकिटं टूरच्या पैशांत आधीच काढलेली होती, तरी ते खाली उभे राहून कोणी आपला माणूस तसे पैसे भरतोय का ते बघत होते. एक अमरावतीचा मुलगा भरायला निघाला, पण यूपीआयला आधी इंटरनेट लागतं, आणि त्याचं इंटरनेट तो पैसे भरून मिळवणार होता.

नाशिककराने पॅरिसमध्ये ठरल्याप्रमाणे सिम घेतलं. आता फोनचा तो बारका कप्पा उघडायला जी सुई लागते ती घरी खोक्यात राहते, हा जागतिक नियम आहे. बायकोने कानातलं काढून दिलं, त्याच्या दांडीने कप्पा उघडला. जुनं भारतीय सिम सुपारीच्या डबीत गेलं. दोन दिवस हा मुलगा बसमध्ये सगळ्यांना स्वतःच्या फोनवरून नकाशे दाखवत होता. कोणी विचारलंच तर सांगायचा, "काका, युरोपियन युनियनमध्ये कुठेही जा, रोमिंग नाहीच. घरच्यासारखंच चालतं."

त्याचं खोटं नव्हतं. युरोपात माणूस नाश्ता एका देशात करतो आणि जेवायला दुसऱ्यात पोचतो. तिथे हे रोमिंगचं दुखणं आपल्यापेक्षा जुनं. युनियनने २००७ मध्ये पहिल्यांदा दराला वेसण घातली, तेव्हा ठरलेली कमाल होती केलेल्या कॉलला मिनिटाला ४९ सेंट आणि आलेल्या कॉलला २४ सेंट, कर वेगळा. म्हणजे जर्मन आणि डच माणूसही ऐकण्याचे पैसे देतच होता. हे ऐकून अण्णांना फार बरं वाटलं. ही लढाई लढणाऱ्या युनियनच्या कमिशनर व्हिव्हियान रेडिंग या बाई लक्झेंबर्गच्या. ज्या देशात गाडी तासभर सरळ चालवली की परदेश लागतो, तिथल्या बाईला रोमिंगची चीड आली नाही तर कोणाला येणार? पुढे २०१० पासून डेटाचं बिल ५० युरोवर गेलं की आपोआप तोडायची सोय सक्तीची झाली आणि १५ जून २०१७ पासून युनियनच्या आत रोमिंगचा जादा आकार गेला. हे सगळं तिथल्या सिमला. सोलापूरच्या सिमला ब्रुसेल्स ओळखत नाही.

आणि नाशिककराला स्वित्झर्लंड ओळखत नव्हतं. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. नकाशावर युरोपच्या बरोबर मधोमध बसलेला हा देश लग्नाला येतो पण पंगतीला बसत नाही. काही सिमांच्या योजनेत तो धरलेला असतो, काहींच्या नसतो. या सिमच्या नव्हता. सरहद्द ओलांडली आणि निम्म्या पैशांतला डबल डेटा जागच्या जागी थांबला. मागच्या सीटवरून अण्णांनी आपला फोन वर करून दाखवला. पॅकमध्ये स्वित्झर्लंड होता. बोलले काही नाहीत, मिनिटं जपायची सवय लागली होती.

या भागात सरहद्दी तरी कशा, तर कुंपण नाही, बऱ्याच ठिकाणी कळतं ते फोनलाच. ब्लॅक फॉरेस्टमधली कोकिळेची घड्याळं बघून आम्ही शाफहाउजनच्या ऱ्हाइन धबधब्याकडे आलो. हा शाफहाउजनचा स्विस मुलूख ऱ्हाइनच्या पलीकडे जर्मनीच्या कुशीत घुसलेला. शिवाय जवळच ब्यूझिंगेन नावाचं जर्मन गाव चारही बाजूंनी स्वित्झर्लंडने वेढलेलं. त्याला पिनकोड दोन्ही देशांचे आणि टेलिफोनचे कोडही दोन्ही. अशा ठिकाणी फोनची निष्ठा कोणावर असणार? ज्याचा टॉवर जोरात तो आपला. पलीकडून जर्मन टॉवर जोरात आला की जर्मनी, वळणावर डोंगर आड आला की स्विस. स्वागताचे संदेश एकामागून एक येऊ लागले. अण्णा दर वेळी उठून डायरीत लिहीत होते. माईंनी धबधबा पाहिला.

कोथरूडच्या मॅनेजरसाहेबांचं मात्र सगळं शिस्तीत चाललं होतं. रात्री लॉबीतल्या सोफ्यावर चादर पांघरून ते वायफायवर बसत. भारतात तेव्हा पहाट झालेली असे, कारण उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. सोसायटीच्या ग्रुपवरचे सुप्रभात ते रात्री अडीचला घेत. त्यांची परीक्षा एका मोठ्या रेल्वे स्टेशनवर झाली. तिथे मोफत वायफाय अशी पाटी होती. त्यांनी जोडलं, नंबर घातला. मग पाटी म्हणाली, तुमच्या मोबाईलवर एक कोड पाठवला आहे. मोबाईल विमानातल्यासारखा होता. विमानातून काढला तर कोड येणार, पण आजूबाजूने रोमिंगही येणार, अशी त्यांना भीती. गाडी सुटेपर्यंत ते त्या पाटीसमोर उभे होते. खरं तर डेटा बंद ठेवून नुसता फोन चालू केला असता तर कोड आला असता, बहुतेक कंपन्या आलेल्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत. पण हे त्यांना सांगायची छाती कोणाची? त्यांनी तीस वर्षं लोकांना नियम सांगितले होते.

डेटाची भीती मात्र अगदीच खोटी नाही. घरी आपल्याला रोज दीड-दोन जीबी मिळतात आणि ते संपवायला आपण रात्री मुद्दाम जागतो. परदेशात पॅकशिवाय गेलात तर हिशोब जीबीचा नसतो, एमबीचा असतो; काही ठिकाणी तर १० केबीचा. उगवता सूर्य, त्यावर गुलाब, त्यावर सुविचार असा एक फोटो घ्या. तुम्ही तो उघडतही नाही, फोन परस्पर उतरवून घेऊ शकतो आणि सुविचाराचे दहा-वीस तुकडे मोजून होतात. शिवाय तुम्ही काढलेला बर्फाचा फोटो फोन आपणहून वर कुठे तरी ढगात जपायला पाठवतो. त्या बर्फाचं तिकीट वेगळं आणि वाहतूक वेगळी.

टिटलिसच्या डोंगरावर ३,००० मीटरच्या वर शाहरुख आणि काजोलचा त्यांच्या गाजलेल्या सिनेमातला कटआउट उभा आहे. भारतीय माणूस तिथे बर्फाकडे पाठ करून उभा राहतो आणि घरी व्हिडिओ कॉल लावतो. माईंनीही लावला. पंधरा मिनिटांत सोलापूरला त्यांचा कान, अण्णांची टोपी आणि बरंचसं पांढरं दिसलं. तो सिनेमा १९९५ चा. त्याच वर्षी ३१ जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाईल कॉल केला. ऐकण्याचेही पैसे पडण्याचा तो काळ. इनकमिंग फुकट झालं ते २००३ च्या मे महिन्यात. मधली आठ वर्षं आपण फोन वाजला की नंबर बघायचो, फोन कापायचो आणि पीसीओ शोधत पळायचो. पुण्याच्या माणसाला मुंबई सर्कलमध्ये शिरलं की रोमिंग लागायचं. परदेशात रोमिंग म्हणजे दुसरं काही नाही, १९९८ सालचा महाराष्ट्र आहे, फक्त थंडी जास्त.

त्यामुळे त्या काळची विद्याही पुन्हा बाहेर आली. माईंनी मुलीशी ठरवलं : एक रिंग म्हणजे हॉटेलात पोचलो, दोन म्हणजे जेवण बरं होतं. मुलगी हुशार, ती उचलायची नाही. व्हेनिसला दुसऱ्या रिंगला जावईबापूंनी उचलला. जावयाचा फोन कसा ठेवणार? अकरा मिनिटं. त्यातली सहा पोह्यांवर.

रोममध्ये अण्णांची शंभर मिनिटं संपली आणि त्यांनी बसमध्ये माईक मागून रीडिंग वाचून दाखवलं. कर्जवाली ३. गॅसवाला, सिलिंडर कुठे ठेवू, ५. भावजय, कोठीच्या खोलीची किल्ली सापडत नाही, १४. सापडली हे सांगायला, ९. जावई ११. चुकीचा नंबर, पण माणूस बार्शीचा निघाला, ८. सोसायटीचा सेक्रेटरी, तुम्ही परदेशात आहात असं कळलं, खरं का, १९. अशी यादी. अण्णा-माईंनी बोलायचं म्हणून स्वतः होऊन केलेले फोन, एकूण ४ मिनिटं. उरलेली ९६ मिनिटं सोलापूर जिल्ह्याने वापरली होती.

तेव्हा निघणाऱ्यांनी पॅक घ्यावा, त्यातली देशांची यादी वाचावी, विमानात आणि जहाजावर तो बहुधा चालत नाही हे लक्षात ठेवावं, डेटा रोमिंग गरजेपुरतंच चालू करावं. पण माझी खरी विनंती मागे राहणाऱ्यांना आहे. तुमच्या ओळखीतलं कोणी युरोपला गेलं असेल तर ते खरंच गेलंय का हे विचारायला फोन करू नका. किल्ली शोधा. नाहीच सापडली तर साधा एसएमएस टाका. तो घेणाऱ्याला बहुधा फुकट पडतो, आणि तुम्हाला पडलाच तर रुपया-दोन रुपये पडतील.