टीपीचं पुस्तक

'लोकसहभाग' हा शब्द सरकारी कागदावर दिसला की मी आधी एकच विचारतो: पुस्तक कुणाच्या कपाटात आहे?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. या कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, म्हणजे तो तोडून विकायचा हक्क गावाचा. पण जंगलाबाहेर न्यायला वाहतूक परवाना (टीपी) लागतो आणि त्या टीपीचं पुस्तक तेव्हा वनखात्याकडे होतं. खातं १९२७च्या वन कायद्यावर बोट ठेवून म्हणायचं, बांबू हे झाड आहे. हक्काचा कागद गावात, बांबू जंगलात, आणि विक्री बंद! अखेर २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा ते पुस्तक गावचे कार्यकर्ते देवाजी तोफा यांच्या हाती पडलं.

गाव तोवर हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांनी कितीतरी आधी केली होती आणि ती पाळलीही. अभ्यासगटात आधी खल, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय. एकाचं जरी मन वळलं नाही, तरी विषय पुढच्या बैठकीला. वेळ जातो, जाऊ दे. ज्याचं ऐकून घेतलं, तोच उद्या जंगलाच्या राखणीला उभा राहतो.

इतरत्र काय चालतं, ते आपण सगळे जाणतो. ग्रामसभेचा कोरम १५ टक्के मतदार किंवा १००, जो आकडा कमी तो. तेवढीही माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. ही वाट आधी बंद करा.

गावाच्या झाडा-प्राण्यांची माहिती गावकऱ्यांकडूनच घेऊन लिहायच्या जैवविविधता नोंदवहीचंही तेच दुखणं: सहभाग कागदावरच. जैवविविधता कायदा २००२चा. वर्षानुवर्षं वह्या झाल्या नाहीत, म्हणून हरित लवादाने ऑगस्ट २०१९मध्ये बजावलं: ३१ जानेवारी २०२०पर्यंत पूर्ण करा, नाहीतर राज्याला दरमहा १० लाख भरावे लागतील. लवादाचा राग रास्त होता. पण सहा महिन्यांहून कमी मुदतीत उन्हाळा येतच नाही. मोह फुलतो तो मार्च-एप्रिलात. मग त्या घाईत मोहाची नोंद कुणी आणि काय बघून केली?

येत्या ग्रामसभेत आपल्या गावची वही मागा. माहिती सांगणाऱ्याचं नाव शोधा. ते नसेल, तर पहाटे मोह वेचायला जाणाऱ्या बाईला पुढे बसवा आणि ती सांगेल तसं, तिच्याच बोलीत, तिथल्या तिथे लिहून घ्या.