ट. ख. निराळा : नवउद्योजकांसाठी प्राथमिक धडे

अभिनंदन! चिवड्याचा फोटो खिडकीच्या उजेडात काढावा, मागे केळीचं पान असावं आणि खाली 'किंमत डीएममध्ये' असं लिहावं, इथपर्यंतचं शिक्षण आपलं पूर्ण झालं आहे. लालबागच्या दोन खोल्यांतून पहिली ऑर्डर नागपूरला निघायची आहे. चिवडा गार झाला आहे, पिशवीचं तोंड मेणबत्तीवर चिकटवून झालं आहे. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा मेसेज येतो, "ताई, पार्सलचे किती?" इथे भल्याभल्यांचा अंगठा मोबाइलवर अधांतरी थांबतो. प्रस्तुत मार्गदर्शिका त्या अंगठ्यासाठी.

धडा पहिला : आपला पंथ ओळखा

या धंद्यात दोन पंथ आहेत. पहिला भिडस्तांचा. पहिली ऑर्डर बहुधा आतेबहिणीच्या जावेची असते, तिच्याकडे कुरियरचे पैसे मागायचे कसे? "राहू द्या हो, पार्सलचं काय एवढं!" असं लिहून मोकळं व्हायचं. मग चारशेच्या चिवड्यातले दीडशे कुरियरवाला नेतो, खोका पदरचा, टेप पदरची, टॅक्सी पदरची, आणि महिनाअखेरीस नवऱ्याने सहज हिशेब विचारला की भांडण. या पंथातली माणसं स्वभावाने फार गोड असतात आणि साधारण तुळशीच्या लग्नापर्यंत धंद्यात टिकतात.

दुसरा पंथ धोरणी. कानातल्यांची जोडी नव्व्याण्णव रुपये, शिपिंग एकशे ऐंशी. माल सुपारीएवढा. गिऱ्हाईक किंमत बघून बटण दाबतं. शिपिंगचा आकडा दिसेपर्यंत त्याचा पत्ता भरून झालेला असतो. आणि 'खोली नंबर १४, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला, खाली मंडळाचे बांबू ठेवलेत तीच चाळ' एवढा पत्ता दुसऱ्या दुकानात पुन्हा कोण भरणार? म्हणून ते निमूट पैसे देतं. मात्र एकदाच.

दोन्ही पंथ एकमेकांना नावं ठेवतात. माझ्या मते दोघांची खोड एकच आहे : पार्सल काट्यावर कुणीच ठेवलेलं नसतं. एक लाजेने आकडा टाळतो, दुसरा मनाने ठोकून देतो.

थोडा इतिहास (घाईत असलात तर नंतर वाचा, पण वाचा)

जुन्या मराठी मासिकांत पुस्तकांच्या जाहिराती असत आणि किमतीपुढे लिहिलेलं असे, 'ट. ख. निराळा'. म्हणजे टपालखर्च वेगळा द्यावा लागेल, आधीच सांगून ठेवतो. गिरगावात तेव्हा प्रकाशकांची वस्तीच होती : केशव भिकाजी ढवळे, बॉम्बे बुक डेपो, खटाववाडीत मौज. मुंबईची पुस्तकं वऱ्हाडात, कोकणात व्ही.पी.ने जात. ही व्हॅल्यू पेएबलची सोय टपाल खात्याने १८७७ साली सुरू केली. पोस्टमन दारात पैसे घेणार, मगच पुडकं हातात देणार. आज ज्याला आपण कौतुकाने 'कॅश ऑन डिलिव्हरी' म्हणतो ती पणजोबांच्या वेळची आहे.

त्या काळी धोरणी पंथाची मोठी अडचण होती. तिकिटं पुडक्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटवलेली असत. बारा आणे टपालखर्च घ्यावा आणि आठ आण्यांची तिकिटं लावावीत, तर सावंतवाडीच्या शाळामास्तरांना ती मोजता येत होती. जीपीओसमोर पार्सलं शिवून देणारे बसत. खोका मांजरपाटात गुंडाळायचा, दाभणाने शिवायचा, शिवणीवर लाखेचे ठिपके. त्यांची मजुरी निराळी आणि तोंडावर सांगितलेली. नको असेल तर शिवा घरी. एकूण मालाची किंमत, बांधणावळ आणि हशील या तीन गोष्टी तीन ठिकाणी उघड्यावर होत्या. आता कुरियरच्या लेबलावर असतो बारकोड, तो शाळामास्तरांना वाचता येत नाही. धोरणी पंथाचा सुवर्णकाळ तिथून सुरू होतो.

धडा दुसरा : काटा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. त्यावर चिवडा ठेवू नका. चिवडा पिशवीत, पिशवी खोक्यात, खोक्याला टेप, टेपवर लेबल, असं सगळं सजल्यावर खोका ठेवा. पुष्कळ कुरियरवाले अर्ध्या किलोच्या टप्प्याने पैसे घेतात, म्हणून १,०२० ग्रॅम म्हणजे दीड किलो. वरच्या वीस ग्रॅमसाठी आपण आणखी अर्ध्या किलोचे पैसे मोजता. अशा वेळी दोन चिमट्या चिवडा तोंडात टाकण्याचा मोह होतो. तसं करू नये. हलका खोका घ्यावा, किंवा ते सोनेरी किनारीचं 'थँक यू' कार्ड काढून टाकावं. तसंही ते कुणी वाचत नाही.

एवढ्यावर सुटलात असं समजू नका. पट्टी आणा. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ५,००० ने भागा. येणारा आकडा म्हणजे आकारमानाचं वजन, किलोमध्ये. बहुतेक कुरियर कंपन्यांचं सूत्र हेच असतं, काहींचा भाजक याहून लहान, म्हणजे आपल्याला आणखी महाग. खरं वजन आणि हे वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे पडतात. उदाहरणार्थ, एक किलो पातळ पोह्यांचा चिवडा ३० बाय २५ बाय २०च्या खोक्यात घातलात, तर गुणाकार १५,०००, भागाकार ३. काट्यावर सव्वा किलो, पावतीवर तीन. कुरियरवाला चिवड्याभोवतीच्या हवेचं भाडं घेतो आणि ते चोखपणे घेतो.

लाडवांचं उलटं. तीन किलो बेसनाचे लाडू २० बाय २० बाय १२च्या खोक्यात दाटीवाटीने बसले, तर आकारमान एक किलोसुद्धा भरत नाही. तिथे काट्यावरचं वजन चालतं. यातून पुढचा शोध हुशार विद्यार्थिनींनी आपणहून लावला असेल : चिवड्याच्या त्याच खोक्यात तळाला दीड किलो लाडू बसवले, तरी पावती तीन किलोचीच राहते. म्हणून नुसता चिवडा मागणाऱ्या नागपूरकरांना नम्रपणे लिहावं, "लाडूही घेतलेत तर पार्सलचा खर्च तेवढाच पडेल." हे खरं आहे आणि धंद्यालाही बरं आहे, असा योग वारंवार येत नाही.

काहीजणी हवा काढून पिशवी सील करण्याचं यंत्र घेतात. त्यातून चिवडा आकाराने लहान होतो हे खरं, पण पोहोचतो तो कोंडा. या शास्त्राच्या दृष्टीने आदर्श पदार्थ उडदाचा पापड : चपटा, सुका, एकावर एक. मालवणी मसालाही उत्तम, मात्र दोन पिशव्यांत घाला, नाहीतर शेजारच्या पार्सलातली कुणाची पैठणी संक्रांतीपर्यंत फोडणीला बसल्यासारखी वास मारेल.

धडा तिसरा : खोक्याचे घ्यावेत का?

घ्यावेत. खोका, टेप, बबल रॅप यांना पैसे पडतात आणि ते जितके पडले तितके लावण्यात लाज नाही. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून घाऊक आणलेत तर स्वस्त पडतील आणि तोच स्वस्त आकडा पुढे जायला हवा. पण गेल्या महिन्यात आपल्याकडे मिक्सर आला त्याचाच खोका उलटा करून वापरलात, तर नव्या खोक्याचे तीस रुपये लावू नका. लावणारच असाल तर निदान मिक्सरचं चित्र आतल्या बाजूला जाईल असं बघा. आत कोंबलेली रद्दी मोफत असते. टॅक्सी आणि परतीच्या वाटेवर खाल्लेला वडापाव हा आपला खासगी प्रश्न आहे. आपल्या वेळेची किंमत जरूर घ्या, पण ती चिवड्याच्या भावात घ्या. भाजण्याचे कष्ट एकीकडे आणि बांधण्याचे दुसरीकडे, अशी वाटणी केली की 'हॅंडलिंग चार्ज' नावाचा प्राणी जन्माला येतो, आणि त्याला किती खायला घालायचं याचा अंदाज पुढे कुणालाच राहत नाही.

दोन साड्या एका खोक्यात गेल्या तर हशील एकदाच. हे वाक्य लहान आहे, पण धोरणी पंथाचं निम्मं उत्पन्न त्यात बुडतं.

धडा चौथा : आधी पिन, मग आकडा

"पार्सलचे किती?" या प्रश्नाला पहिलं उत्तर रुपयांत देऊ नये. "पिनकोड कळवाल का?" असं विचारावं. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिनकोड आला, तो संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या डोक्यातून. सहा आकड्यांत पार्सल किती लांब जाणार ते कळतं. ४०० ने सुरुवात झाली तर मुंबई-ठाण्याचा पट्टा. गिरगाव ४००००४, परळ ४०००१२. पुढचे दर तीन टप्प्यांत ठरवून भिंतीला लावा : मुंबई, महाराष्ट्र, बाकी देश. कुरियरने सांगितलेल्या दरात अठरा टक्के जीएसटी धरला आहे ना, हे विचारून घ्या. तो पुष्कळदा फोनवर नसतो आणि पावतीवर असतो.

आता 'फ्री डिलिव्हरी'. कुणीतरी सुचवेलच, पार्सलचे दीडशे चिवड्याच्या भावात मिसळून टाक आणि फुकट म्हणून सांग. गुवाहाटीचं गिऱ्हाईक खूश होईल. पण चिंचपोकळीहून चालत येऊन, चार जिने चढून, स्वतःच्या कापडी पिशवीत चिवडा नेणाऱ्या काकूही तेच साडेपाचशे देतात. म्हणजे गुवाहाटीचं टपाल काकू भरतात. त्यांना हे कळलं तर त्या बोलणार नाहीत, फक्त पुढच्या वर्षी चिवडा गल्लीत जातील. फुकटची पाटी लावायचीच असेल तर घरून नेणाऱ्यांना तेवढे पैसे वजा करून द्या.

सरकारलाही या विषयात रस आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे नियमित धंदा करणाऱ्याने एकूण रक्कम एका आकड्यात सांगायची आणि पोचवणं, टपाल, हाताळणी, कर यांची फोडही दाखवायची. घरातली एखादी जुनी खुर्ची विकणाऱ्याला हे लागू नाही. शेवटच्या पायरीवर खर्च उघड करण्याची युक्ती तर नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत नावानिशी आहे. 'ट. ख. निराळा' लिहिणाऱ्यांना असला नियम लागला नव्हता.

पुस्तकं विकणाऱ्यांनी (दादरला असे बरेच आहेत, घरात पलंगाखाली दुकान असलेले) एवढंच बघावं : १ मे २०२५ पासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक छापील पुस्तकांसाठी ३०० ग्रॅमला २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, कर वेगळा. पुस्तक त्यात बसत असेल, तर दीडशे रुपये 'शिपिंग' घेताना गिऱ्हाईक हे वाचत नसेल एवढी प्रार्थना करावी.

धडा शेवटचा : परदेश आणि परतावा

न्यू जर्सीचा फराळ हा पदवीचा अभ्यासक्रम आहे. तिथला दर आज सांगून दोन महिन्यांनी पार्सल टाकायचं धाडस करू नये. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी काढून घेतली, आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं घेणं थांबवलं, आणि सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ला. गणपतीत पैसे घेऊन बसलेल्यांनी काय केलं असेल त्याची कल्पना करा. परदेशी दरापुढे 'पाठवण्याच्या दिवशीच्या पावतीप्रमाणे' असे शब्द हवेत, आणि जास्त घेतले गेले तर उरलेले परत पाठवावेत. दहाच्या पटीत वर ओढलेले चार-सहा रुपये चालतात. चाळीस असतील तर जीपे करा.

शेवटी परत येणारं पार्सल. गिऱ्हाईक गावी गेलेलं असतं, फोन लागत नाही आणि खोका 'आरटीओ' होतो. ताडदेवच्या वाहनांच्या कचेरीशी याचा संबंध नाही, माल पाठवणाऱ्याकडे परत येणं म्हणजे आरटीओ. पुन्हा पाठवायचं हशील कुणाचं, हे पहिल्याच मेसेजात लिहिलेलं असावं : पत्ता चुकला तर गिऱ्हाइकाचं, लेबल चुकलं तर आपलं. नंतर लिहिलेलं कुणी मानत नाही. तो खोका लालबागला बरोबर गणपतीत पोचेल. डिलिव्हरीवाला भारतमाता सिनेमापाशी गर्दीत अडकून फोन करेल, "मॅडम, आत येता येत नाही, तुम्हीच बाहेर या." जा. घरी आणून उघडा. चिवडा मऊ पडलेला असेल तर परतून पुन्हा विकू नका, घरच्यांना वाढा. ते हात लावणार नाहीत, महिनाभर त्यांना दुसरं काय दिसलंय?