शेवटचा अंक, शेवटची गाडी

माझ्याकडे शेवट नसलेल्या नाटकांचा बऱ्यापैकी संग्रह आहे. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात रात्रीचा प्रयोग बघायचा आणि त्याच रात्री बोईसरला घरीही पोचायचं, हे दोन्ही जमवायचं म्हणजे एकाचा शेपटाकडचा भाग सोडावाच लागतो. गाडीचा सोडता येत नाही. मग मध्यंतरानंतर माझा एक डोळा रंगमंचावर, एक घड्याळावर. नायकाने थरथरत्या हातांनी पत्र उघडलं की मी पर्स उचलते आणि रांगेतल्या अकरा जणांच्या गुडघ्यांची माफी मागत बाहेर पडते. पत्रात काय होतं, ते त्या अकरा जणांनाच ठाऊक. दुपारचे प्रयोग बघ, असं सुचवणारे शहाणे भेटतात. एरवी दुपारी ऑफिस असतं आणि रविवारी ब्लॉक. पश्चिम रेल्वेवर त्याला जम्बो म्हणतात, आणि तो नावाला जागतो.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा एका हौशी मंडळाने केलेला प्रयोग तर जिव्हारी लागला. १९६७ साली सुलभा देशपांड्यांनी बेणारेबाई उभी केली. तेव्हापासून त्या शेवटच्या स्वगतासाठी किती नट्यांनी जीव टाकला असेल. त्या स्वगताच्या ऐन तोंडावर मी उठले. इतका वेळ सगळ्यांनी मिळून गप्प केलेली बाई आता बोलणार, आणि मी बाहेर रिक्षावाल्याला ‘स्टेशन?’ विचारतेय! दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन गाडीत बसले आणि स्वगत वाचलं. सफाळ्याला डोळे पुसले.

लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ १९५२ पासून चालू आहे. प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती करतात, की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. मी गेले तर ही विनंती तंतोतंत पाळली जाईल.

वाचनाचं मात्र रेल्वेने भलं केलं. आमच्याकडे डहाणूपर्यंत लोकल आली एप्रिल २०१३ मध्ये आणि पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. आधी लोकल, मग जिल्हा. क्रम बरोबरच आहे. विरार सोडलं की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि बोईसर. कादंबरी किती पानांची, हे मी बघत नाही. किती दिवसांच्या येण्याजाण्याची, ते बघते. वैतरणेच्या पुलावर खाडीचा वारा न विचारता चार पानं पुढे नेतो. आणि मागून राजधानी येत असली की आमची लोकल बाजूला उभी करतात. सगळा डबा रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतो, तेव्हा मी मनातल्या मनात राजधानीचे आभार मानते. एक प्रकरण फुकट मिळालेलं असतं. ‘म्हैस’मधली एसटी अडकली, ती गोष्ट मी अशीच अडकलेल्या गाडीत वाचली आणि एकटीच हसत सुटले. समोरच्या बाईने पोरीला जवळ ओढून घेतलं.

त्या दिवशी शेजारी बसल्या होत्या केळव्याच्या मावशी. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर वालाच्या शेंगा. ‘काय गं, एवढं काय लिवलंय?’ तेव्हापासून मी वाचते ते त्यांना सांगत जाते. शेंग मोडायची, शीर ओढायची, दाणे पिशवीत टाकायचे. आणि गोष्ट रंगली की हात थांबतो. मी थांबलेल्या हातावरून पुस्तकाची किंमत करते. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या एका कादंबरीत अख्खा पाव किलो वाल सोलून झाला होता.

नाटकांची गोष्ट सांगताना पंचाईत व्हायची. ‘मग पुढं?’

‘पुढे माझी गाडी होती, मावशी.’

‘म्हंजे तुझं नाटक नि माझी शिरेल सारखीच. ती संपत नाय नि हे संपलेलं तू बघत नाय.’

एवढं ऐकल्यावर गप्प बसवेना. मी शेवट रचून सांगू लागले. मावशींच्या अटी दोनच: म्हातारं माणूस मरता कामा नये, आणि केळवे रोड यायच्या आत सगळं उरकलं पाहिजे. त्यामुळे मराठी रंगभूमीवरची बरीच म्हातारी माणसं मी विरार ते केळवेदरम्यान वाचवली आहेत. एका रहस्यनाटकातला खून तर मी परस्पर वकिलावर ढकलला, कारण त्या आठवड्यात मावशींचं एका वकिलाशी वाजलं होतं.

परवा बोरिवलीला नणंदेकडे मुक्काम ठरवून मी तेच रहस्यनाटक पुन्हा बघितलं. पडदा पडेपर्यंत जागची हलले नाही. खुनी भलताच निघाला. दुसऱ्या दिवशी गाडीत मावशींना खरा शेवट सांगितला, अगदी लेखकाने लिहिला तसा.

मावशींचा हात एकदाही थांबला नाही.

‘छे,’ त्या म्हणाल्या. ‘वकीलच बरा होता.’ आणि केळवे रोड आलं म्हणून पिशवी उचलून दाराकडे निघाल्या.