आलोच की, सर!

मोबाइलच्या नकाशावर त्याची चिमुकली दुचाकी जंगली महाराज रस्त्यावर उलट्या दिशेने सरकताना दिसली, की माणसं म्हणतात, नकाशा गंडलाय. नकाशा बिचारा अचूक असतो. पुढे तीच दुचाकी एका पेट्रोल पंपातून आरपार जाते, फुटपाथवर चढते, कुठल्याशा बोळात गडप होते आणि एकदम आपल्या गेटवर उगवते. यातलं प्रत्येक वळण त्याने खरोखर घेतलेलं असतं. एकेरी वाहतूक नावाची गोष्ट पुण्यात आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. ती समोरून येणाऱ्यांसाठी आहे, एवढंच त्याचं म्हणणं.

ॲपवर त्याचं नाव असतं, पण आमच्या सोसायटीत सगळे त्याला 'आलोच' म्हणतात. फोन उचलला की पहिला शब्द तोच. 'आलोच' म्हणताना तो कुठेही असू शकतो. बहुधा हॉटेलच्या काउंटरपाशी, आपला पराठा तव्यावर पडायची वाट बघत. वॉचमन मात्र त्याला नुसतं "ए पार्सल!" म्हणून हाक मारतो, आणि तो ओ देतो.

गाव लातूरकडचं, बी.ए. झालेला, कर्वेनगरात चौघांत एक खोली. पहाटे मैदानावर 1600 मीटर पळतो, कारण पोलीस भरतीची तयारी चालू आहे. दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत पोलिसांना चुकवत हिंडतो, कारण खोलीचं भाडं द्यायचं आहे. यात काही विसंगत आहे असं त्याला वाटत नाही. "भरती झालो की ट्रॅफिकच मागणार बगा सर. कोण कुठून निसटतंय, हे माझ्याइतकं कुणाला म्हाईत?" हे मात्र खरं आहे. कुठल्या चौकात साहेब झाडाआड उभे राहतात, कुणाची ड्यूटी कधी बदलते आणि कुठला कॅमेरा नुसताच खांबाची शोभा वाढवतोय, हे त्याला तोंडपाठ आहे.

सिग्नलचा त्याचा अभ्यास तर एखाद्या आंबेवाल्याचा. लाल दिवा त्याच्या लेखी एक नाहीच. नुकता लागलेला लाल म्हणजे कच्चा. आडव्या रस्त्याची वाहनं अजून हललेली नसतात, तेवढ्यात निघून जायचं. मधला लाल खरा. तिथे तो पाय टेकून इतका सभ्यपणे थांबतो की शेजारच्या मोटारवाल्यालाही बरं वाटावं. शेवटची पाच सेकंदं उरली की लाल पिकला. मग थांबणं म्हणजे निव्वळ नासाडी. मी त्याला म्हटलं, "अरे, तुझा लाल पिकतो तेव्हा आडव्या रस्त्याचा लाल कच्चा असतो. तिथेही तुझ्यासारखाच कुणीतरी निघालेला असणार." यावर तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "पण तो बी आमच्यातलाच असतो ना सर. बगून येतो."

त्याला आकड्यांनी घाबरवायचा प्रयत्नही मी करून पाहिला. 2022 साली देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली आणि त्यांत जवळजवळ 45 टक्के दुचाकीवरची होती, हे केंद्र सरकारच्या अहवालातलं गणित त्याला ऐकवलं. त्याने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "म्हणजे पंचावन्न टक्के दुसरेच की!" पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित असतं, ते असं कामाला येतं.

हेल्मेट तो वापरतो. हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती काढणाऱ्या शहरात ही साधी गोष्ट नव्हे. फक्त त्या हेल्मेटचं मुख्य काम डोकं वाचवणं हे नसून फोन धरून ठेवणं हे आहे. कान आणि फोम यांच्यामध्ये फोन बरोबर बसतो. दोन्ही हात मोकळे, गिऱ्हाईक कायम कानाशी. हेल्मेटचा पट्टा बांधलेला असावा असं कायदा म्हणतो, पण पट्टा बांधला तर फोन सरकवणार कसा? म्हणून पट्टा दोन्ही बाजूंनी वाऱ्यावर फडफडत असतो. नकाशासाठी हँडलवर दुसरा फोन. रस्ता बघायला अधूनमधून वेळ मिळतो.

अलीकडे त्याने जुनी स्प्लेंडर भावाकडे गावी धाडली आणि भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. हा त्याच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. 250 वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग, अशा गाडीला नोंदणी लागत नाही, लायसन लागत नाही आणि पाठीमागे नंबरप्लेट नसते. नंबर नाही म्हणजे ई-चलन पाठवणार कुणाला? शहरातला सगळ्यात घाईचा धंदा कायद्याने सगळ्यात हळू चालणाऱ्या गाडीवर आलाय, ही गंमत त्याच्या ध्यानात आलेली नाही. वेग कमी म्हणून तो आता रस्ताच कमी करतो: उलटी बाजू, फुटपाथ, बागेचं फाटक. गाडीला आवाज नसतो, त्यामुळे संध्याकाळी फिरायला निघालेल्या आजोबांना तो थेट कोपरापाशीच कळतो.

एवढं सगळं कशासाठी, हे एकदा मी त्याच्याकडून कागदावर मांडून घेतलं. ऑर्डर तीन किलोमीटरवरची धरू. स्प्लेंडर ताशी तीसने नेली तर सहा मिनिटं, पंचेचाळीसने दामटली तर चार. सगळे कट, सगळे पिकलेले लाल, आईच्या काळजाचे ठोके, सगळं मिळून कमाई दोन मिनिटांची. आता दुसरी बाजू. हॉटेलात पदार्थ तयार व्हायला दहा-बारा मिनिटं उशीर, कारण तिथे एकाच कढईवर चार ॲपच्या ऑर्डरी उकळत असतात. मग आमचं गेट. इथे नाव, फ्लॅट, मोबाइल नंबर, आणि वरून 'होय' येईपर्यंत वॉचमनशी हवापाण्याच्या गप्पा. मग लिफ्ट. मुख्य लिफ्ट डिलिव्हरीवाल्यांनी वापरायची नाही, असा आमच्या कमिटीचा ठराव आहे. त्यांच्यासाठी मागची, जी फर्निचर, कचऱ्याचे डबे आणि प्लंबर यांच्यातून सवड काढून येते. वर पोचावं तर फ्लॅटवाले आंघोळीला. रस्त्यावर मुठीत जीव धरून मिळवलेली दोन मिनिटं आमची मागची लिफ्ट एका फेरीत गिळते. पण कढईला हॉर्न देता येत नाही, वॉचमनला ओव्हरटेक करता येत नाही आणि लिफ्टला कट मारता येत नाही. घाई करायला त्याला जागा उरते ती एक रस्त्याचीच. दुसऱ्यांनी सांडलेला वेळ तो तिथे वेचत असतो.

पाऊस लागला की त्याचा चेहरा उजळतो. घाटातली हिरवळ बघून नव्हे. पावसात दर ऑर्डरीमागे जादा पैसे मिळतात. डांबर जितकं निसरडं तितका भाव चढा. ज्या संध्याकाळी कुणीही शहाण्या माणसाने घराबाहेर पडू नये, नेमकी तीच संध्याकाळ त्याने घरी बसून घालवणं परवडणारी नसते. त्यात आम्हाला त्याच वेळी गरम भजी हवी असतात.

मध्यंतरी, 2026 च्या जानेवारीत, केंद्रीय श्रममंत्र्यांनी कान टोचले आणि एका मोठ्या कंपनीने जाहिरातीतली 'दहा मिनिटांत घरपोच'ची ग्वाही काढून टाकली. मी ही आनंदाची बातमी त्याला दिली. तो म्हणाला, "पाटीवरून काढली सर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या डोक्यातून कोण काढणार?" हे काका म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर 'डिलिव्हरी बॉईजचा बेफामपणा : एक गंभीर समस्या' या विषयावर सलग लिहिणारे लेखक. दोन निरोपांच्या मध्ये ते फोनवर असतात : "अरे, नकाशात तर तू चौकातच उभा दिसतोयस! हलत का नाहीस?" तो लाल दिव्याला थांबलेला असतो. खऱ्या, मधल्या लालला.

अपघात म्हणाल तर त्याचा एकदा झाला. सिंहगड रस्त्यावर नाही, ज्या नवले पुलाचं नाव काढताच तोसुद्धा दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवतो तिथेही नाही. आमच्याच पार्किंगच्या उतारावर, नुकत्याच धुतलेल्या गुळगुळीत फरशीवर, चालण्याच्या वेगात आडवा झाला. कोपर सोलपटलं, पँट गुडघ्याशी उघडली. आम्ही धावलो. तो बसल्याबसल्या पिशवीची चेन उघडून आत बघत होता. "आमटी सांडली नाही," त्याने जाहीर केलं आणि लंगडत मागच्या लिफ्टकडे गेला. फरशीबद्दल कमिटीत चर्चा झाली. उतारावर डिलिव्हरीच्या गाड्या आणू नयेत, असं ठरलं.

परवा कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपच्या सिग्नलला तो माझ्या शेजारीच येऊन थांबला. हँडलवरच्या फोनमध्ये घाईघाईने बोटं चालली होती. विचारलं तर म्हणाला, "सेफ्टीची टेस्ट आलीय सर. दिल्याबिगर पुढची ऑर्डर पडत नाही." मी डोकावलो. ऑर्डरला उशीर होत असल्यास तुम्ही काय कराल? अ : वेग वाढवीन. ब : जवळच्या उलट्या रस्त्याने जाईन. क : शांत राहून ग्राहकाला कळवीन. त्याने क्षणभरही न रेंगाळता 'क' दाबलं. आधीचीही सगळी उत्तरं बरोबर होती. भरतीची तयारी अशी वाया जात नाही. एवढ्यात हेल्मेटमधला फोन किणकिणला.

"आलोच की, सर!" तो शांतपणे म्हणाला. ग्राहकाला कळवून झालं होतं. सिग्नलवर चार सेकंदं उरली होती. पडद्यावर त्याचं अभिनंदन करणारा रंगीत कागद उमटेपर्यंत तो अर्धा चौक पार करून गेला होता, आणि आडव्या रस्त्यावरून त्याच्याच रंगाचा टी-शर्ट घातलेला दुसरा एक जण बघून येत होता.