पहिला तेवढा खरा

नागपुरात कवी ग्रेस यांच्या पुस्तकांची प्रतवारी तर्रीपोह्याची प्लेट रिकामी व्हायच्या आत उरकते: ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) सर्वश्रेष्ठ, पुढे सगळी उतरण. कुणी म्हणेल, नंतरचे ग्रेस दुर्बोध झाले. पण दुर्बोधतेचा शिक्का त्यांच्यावरून पुसला कधी गेला होता? आणि गंमत बघा, ज्या कवितांना हृदयनाथ मंगेशकरांची चाल लाभली, त्या कुणालाच दुर्बोध वाटत नाहीत! म्हणजे अडचण कवितेची नव्हे, वाचण्याच्या कंटाळ्याची. साहित्य अकादमीने २०११ साली गौरवलं ते ‘वाऱ्याने हलते रान’ला. ते ललितलेखांचं पुस्तक; त्याला या प्रतवारीत शेवटचा नंबरसुद्धा मिळत नाही.