उरलेली चौऱ्याण्णव उत्तरं

दाजींना अमेरिकेचं नागरिकत्व सहा उत्तरांत मिळालं, आणि सगळी भानगड तिथेच झाली.

त्या वेळी नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी सरकार १०० प्रश्नांचा संच उत्तरांसकट आधीच देऊन ठेवत असे. मुलाखतीतला अधिकारी त्यातले जास्तीत जास्त १० विचारी आणि ६ बरोबर आले की थांबे. दाजींनी मात्र शंभरच्या शंभर पाठ केले होते. सकाळी दाढी करताना आरशाला आणि रात्री डिशवॉशर लावताना ताईला ते म्हणून दाखवले होते. अधिकारीबाईंनी सहा प्रश्न विचारले, सहा उत्तरं आली, बाई म्हणाल्या, “अभिनंदन.” दाजी म्हणाले, “पुढचा विचारा ना.” बाईंनी फाइल मिटली. तेव्हापासून दाजींकडे ९४ उत्तरं नुसती पडून आहेत आणि ती खपवायला ते दर उन्हाळ्यात सहकुटुंब अमेरिकेच्या इतिहासावर चालून जातात.

आई आणि मी ताईकडे न्यू जर्सीला गेलो, तेव्हा स्वारी व्हर्जिनियावर ठरली होती. जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग आणि यॉर्कटाउन. इंग्रजांच्या अमेरिकेतल्या राज्याचा जन्म, ऐन भर आणि शेवट, असं सगळं २३ मैलांच्या एकाच रस्त्यावर आहे, हे दाजींनी आम्हाला विमानतळावरच सांगितलं. बॅगा अजून पट्ट्यावर यायच्या होत्या.

पहाटे निघालो. ताईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही घेतलं होतं. दाजींनी घेतलं होतं राष्ट्रीय उद्यानांचं पासपोर्टासारखं एक पुस्तक. त्यात प्रत्येक स्थळाचा तारखेसकट शिक्का मिळतो. स्वतःच्या खऱ्या पासपोर्टावरचा शिक्का दाजींनी इतक्या प्रेमाने कधी पाहिला नसेल. गाडी हायवेला लागताच त्यांनी आरशातून मागे पाहिलं आणि मुलांना विचारलं, “मूळच्या तेरा राज्यांपैकी तीन सांगा.”

थोरली चौदा वर्षांची, कानात बोंडं घातलेली. तिने ऐकलंच नाही. धाकटा दहाचा. तो म्हणाला, “बाबा, आम्हाला परीक्षा नाही. आम्ही जन्मूनच पास झालो.”

यावर दाजींकडे उत्तर नव्हतं, कारण हे उत्तर घटनेतच आहे. त्यांनी तेराही राज्यं स्वतःच म्हटली आणि आईने झोपेत “छान” म्हटलं.

जेम्सटाउनला पोहोचल्यावर कळलं, की जेम्सटाउन दोन आहेत आणि तिकिटंही दोन. एक खरी जागा, जिथे १६०७ साली इंग्रज उतरले. तिथे पाहायला विटांचा एक जुना मनोरा, काही पाये, उत्खननाचे खड्डे आणि गवत. दुसरं तिथून जवळच नव्याने बांधलेलं. त्यात किल्ला आहे, झोपड्या आहेत आणि धक्क्याला ‘सुझन कॉन्स्टंट’, ‘गॉडस्पीड’ आणि ‘डिस्कव्हरी’ या तिन्ही जहाजांच्या प्रतिकृती आहेत, ज्यांवर पोरांना चढता येतं. धाकट्याला जहाजावर जायचं होतं. दाजी म्हणाले, “आधी खरं. जिथे काही दिसत नाही, तिथेच इतिहास असतो.”

दाजींचं पाटी वाचणं एकदा पाहायलाच हवं. ते पाटीसमोर चपला काढल्यासारखे जरा थबकतात. आधी पाटी मनात वाचतात. मग पाटीत सांगितलेली वस्तू पाहतात. ती पाटीप्रमाणेच आहे याची खात्री झाली, की पाटी पुन्हा वाचतात, या खेपेला मराठीत आणि मोठ्याने. तिथे इंग्रजी न येणारी एकटी आईच होती आणि ती झाडाखालच्या बाकावर बसलेली होती, तरी दाजी भाषांतर सोडत नाहीत. समोर वस्तू असेल आणि पाटी नसेल, तर दाजी त्या वस्तूकडे संशयाने पाहतात.

“हा किल्ला नदीने गिळला असंच सगळे धरून चालले होते,” दाजी म्हणाले. “१९९४ साली खणायला घेतलं, तेव्हा कळलं की बराचसा जमिनीतच आहे. पहिल्या खेपेला १०४ माणसं उतरली. आणि मग पटापट मेली.”

“पाणी कसलं होतं?” आईने बाकावरून विचारलं.

“आई, जेम्स नदी आहे ना समोर.”

“समुद्र जवळ आहे म्हणालात. मग नदी खारी असणार. विहिरीचं तरी गोडं होतं का?”

दाजींनी तिला प्रेमाने सांगितलं, की इंग्रजांनी जागा निवडली ती स्पॅनिश जहाजांपासून बचाव व्हावा म्हणून, नदीत आत आणि खोल पाण्याला लागून. आई म्हणाली, “जागा बघताना आधी पाणी बघायचं असतं.” पुढच्याच्या पुढच्या पाटीवर लिहिलं होतं, की उन्हाळ्यात इथलं पाणी मचूळ होई आणि ते पिऊन माणसं आजारी पडत. दाजी मागे वळून ओरडले, “आई, तुमचं बरोबर आहे! इथे लिहिलंय!” आई म्हणाली, “लिहायला कशाला हवं?”

दाजी हार मानणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी तिला खास तिच्यासाठी राखून ठेवलेला इतिहास सांगितला. १६३५च्या इथल्या जमिनीच्या नोंदींत एक नाव येतं. ‘टोनी, ईस्ट इंडियन’. म्हणजे हिंदुस्थानातला माणूस. शिवाजी महाराज पाच वर्षांचे होते, तेव्हा आपला माणूस इथे पोहोचलेला! “माझं मत विचाराल तर कोकणातला,” दाजी म्हणाले.

“टोनी ना? मग गोव्याचा असेल,” आई म्हणाली. “काय करायचा?”

दाजींनी समजावलं. जो कोणी माणूस आणून त्याचं भाडं भरेल, त्याला माणशी ५० एकर जमीन मिळे. टोनीचं नाव नोंदीत आलं ते असं.

“म्हणजे टोनीच्या नावावर पन्नास एकर, पण टोनीला नाही.” आईने गुडघा चोळला. “कूळकायदा नव्हता का?”

जेम्सटाउनच्या संग्रहालयात मात्र एक अघटित घडलं. १६०९-१०च्या हिवाळ्यात इथे अन्न संपलं. घोडे, कुत्री, उंदीर आणि चामड्याचे बूट खाऊन झाले. शेवटी मेलेली माणसंही खाल्ली गेली. २०१२ साली इथे एका मुलीची कवटी सापडली, तिच्यावर सुरीचे वार होते. अभ्यासकांनी तिचं वय काढलं चौदा, आणि हाडांवरून तिचा चेहराही तयार केला. तो तिथे मांडून ठेवलेला आहे. थोरली त्याच्यासमोर थांबली. कानातली बोंडं काढली आणि पाटी वाचू लागली. दाजी लगबगीने गेले आणि म्हणाले, “या काळाला उपासमारीचा काळ म्हणतात. त्यात...”

“बाबा, मला वाचू द्या.”

दाजी गप्प झाले. तिने सगळं वाचलं, चेहरा पाहिला, परत वाचलं. तिची पद्धत थेट बापाची होती, फक्त आवाज नव्हता. इकडे दाजींना वाट पाहायची सवय नाही. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले, घड्याळ पाहिलं आणि शेवटी ताईच्या कानात म्हणाले, “किती वेळ लावते ही! आपल्याला अजून जहाजं बघायचीत.” ताईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिचा अनुवाद दाजींनीही केला नाही.

दुसऱ्या दिवशी विल्यम्सबर्ग. १६९९ ते १७८० व्हर्जिनियाची राजधानी. पुढे राजधानी रिचमंडला गेली आणि गाव झोपलं. १९२०च्या दशकात तिथल्या एका पाद्र्याने जॉन रॉकफेलर धाकटे यांना गळ घातली आणि त्यांच्या पैशाने गाव पुन्हा अठराव्या शतकात नेलं गेलं. आता तिथे लोहार लोहारकाम करतो, टोप बनवणारा केसांचे टोप बनवतो आणि काही माणसं त्या काळातली व्यक्ती होऊनच तुमच्याशी बोलतात. त्यांना पुढचं काही माहीत नसतं. ही सोय दाजींना मानवणारी नव्हती, कारण दाजींना पुढचं सगळं माहीत असतं.

एका अंगणात थॉमस जेफरसन उभे होते. लाल केस, ताठ मान. दाजींनी पर्यटकांची फळी भेदली.

“१७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा तुम्ही लिहिणार आहात,” दाजींनी त्यांना सांगितलं. “आणि तिसरे अध्यक्षही तुम्हीच.”

जेफरसनांनी इकडेतिकडे पाहिलं. “महाशय, जरा हळू. मी अजून राजाचा प्रजाजन आहे आणि राजाचे गव्हर्नर पलीकडेच राहतात.”

“घाबरू नका, सगळं नीट होणार आहे. आणि १८२६ साली, बरोबर ४ जुलैलाच, तुम्ही...”

“अहो!” ताई किंचाळली. “माणसाला तोंडावर कुणी मरणाची तारीख सांगतं का?”

जेफरसनांनी टोपी काढून ताईला लवून अभिवादन केलं. माझ्या मते ते त्यांच्या भूमिकेबाहेरचं होतं.

दुपारी पेटन रॅन्डॉल्फ यांच्या घरात गेलो. १७७४च्या पहिल्या कॉन्टिनेंटल काँग्रेसचे हे अध्यक्ष. दाजींनी त्यांची माहिती तयार ठेवली होती, पण तिथली मार्गदर्शक बाई मालकाबद्दल बोलेचना. ती बोलली या घरात गुलाम म्हणून राबणाऱ्या २७ माणसांबद्दल. मालकाची सरबराई करणारा जॉनी. मालकिणीची दासी ईव्ह आणि तिचा मुलगा जॉर्ज. १७७५ साली राजाच्या गव्हर्नरने जाहीर केलं, की बंडखोरांचे जे गुलाम इंग्रजांच्या बाजूने लढतील ते मोकळे. मग या घरातले काहीजण, ईव्हसुद्धा, पळाले ते इंग्रजांकडे.

शंभर प्रश्नांत यावरचा एक प्रश्न आहे. अमेरिकेत आणून गुलाम म्हणून कोणाला विकलं गेलं? उत्तर दोन शब्दांत, आफ्रिकन लोकांना. आणखी एक आहे. वसाहतवाले इंग्रजांशी का लढले? दाजींना दोन्ही तोंडपाठ. पण मालक स्वातंत्र्यासाठी इंग्रजांशी भांडतो आणि त्याच घरातली ईव्ह स्वातंत्र्यासाठी इंग्रजांकडे पळते, ही दोन उत्तरं एका स्वयंपाकघरात उभी राहिली, तेव्हा दाजींना कुठलं आधी म्हणावं कळेना. बाहेर आल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. आईने ताईला हळूच विचारलं, “जावईबापूंना ऊन लागलं का गं?”

यॉर्कटाउनला त्यांना पुन्हा कंठ फुटला. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी इथे इंग्रज फौजेने वॉशिंग्टन आणि फ्रेंचांपुढे शस्त्रं खाली ठेवली. सेनापती कॉर्नवॉलिस आजारी असल्याचं सांगून आलाच नाही, तलवार देऊन दुय्यम अधिकाऱ्याला धाडलं.

“आणि आई, हाच कॉर्नवॉलिस १७८६ला आपल्याकडे गव्हर्नर जनरल!”

“इथं एवढी माती खाल्ली तरी?”

“हो. १७९२ला त्याने टिपूला नमवलं आणि तेव्हा मराठे त्याच्या बाजूने होते, हरिपंत फडके. १८०५ला गाझीपूरला वारला. कबर तिथेच आहे.”

“म्हणजे बढतीवर बदली,” आई म्हणाली. ती जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेली आहे.

मग मी एक काडी टाकली. दाजी लोणावळ्याचे. कॉलेजची सगळी वर्षं पुण्याची लोकल. मी म्हटलं, “दाजी, यॉर्कटाउनच्या पावणेतीन वर्षं आधी, जानेवारी १७७९ला, इंग्रजांनी आपल्या वडगावला मराठ्यांपुढे शरणागती पत्करली होती. तुमची लोकल रोज त्या स्टेशनात थांबायची. कधी उतरलात?”

दाजींनी क्षणभरही विचार केला नाही. “वडगाववर मला कोणी प्रश्न विचारला नव्हता.”

यॉर्कटाउनच्या माहिती केंद्रात मुलांसाठी एक पुस्तिका मिळते. ती सोडवून दाखवली, की रेंजर उजवा हात वर करायला लावून शपथ देतात आणि ‘ज्युनियर रेंजर’ असा बिल्ला देतात. धाकट्याने दोन पानं सोडवली आणि तो तोफेकडे पळाला. उरलेली कोणी सोडवली ते सांगायला नको. खिडकीमागच्या वयस्क रेंजरने पुस्तिकेतलं वळणदार अक्षर पाहिलं, मग दाजींकडे पाहिलं आणि हसू आवरून म्हणाला, “मोठ्यांनाही मनाई नाही. एकदोन प्रश्न विचारू?”

मागे रांग नव्हती. रेंजरने दोन विचारले, दाजींनी तीन सांगितले. त्याने आणखी विचारले. वेढ्यातल्या खंदकांचे, फ्रेंच आरमाराचे, मग वॉशिंग्टनचे आणि फ्रँकलिनचे. दाजींच्या चेहऱ्यावर मी लग्नातही पाहिलं नव्हतं असं समाधान होतं. शेवटी रेंजर म्हणाला, “या पुस्तिकेत तुम्हाला काही राहिल्यासारखं वाटतं का?” दाजी थोडे थांबले आणि म्हणाले, “ईव्ह राहिली आहे. विल्यम्सबर्गची.” रेंजरने मान डोलावली आणि शपथ दिली. दाजींनी हात इतका ताठ वर केला, की धाकटा तोफेपासून धावत आला आणि बिल्ला आपल्याला मिळावा म्हणून भांडू लागला. तो त्याला मिळाला नाही.

परतीच्या वाटेवर दाजींनी पुढच्या उन्हाळ्याचा बेत जाहीर केला. मॅसॅच्युसेट्समधलं प्लिमथ. तिथे १६२० साली यात्रेकरू उतरले तो दगड आहे. किनाऱ्यावर मंडप घालून ठेवलाय, दगडावर १६२० कोरलंय.

“उतरले तेव्हाच कोरलं?” आईने विचारलं.

“नाही. उतरणाऱ्यांनी दगडाबद्दल काही लिहिलेलंच नाही. १७४१ साली एका ९४ वर्षांच्या म्हाताऱ्याने सांगितलं, की तो हाच.”

“म्हणजे दृष्टान्त झाला,” आई म्हणाली. तिला आता अमेरिका नीट कळू लागली होती. “मग शेंदूर कधी लावला?”

दाजींनी गाडीचा वेग जरा कमी केला. त्यांना हा प्रश्न हसण्यावारी न्यावासा वाटेना.

“आई,” ते म्हणाले, “ते पाटी बघून सांगतो.”